खंडेनवमीला पाटावर बसवलेला दांडा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा दांडा आहे. सोलापुरात मल्लिकार्जुन शेठच्या कारखान्यात पितळेवर चांदीचा मुलामा चढवत. तिथल्या हौदातला द्राव ढवळणे हे माझे काम. हलके वाटले ना? शेठनाही तसेच वाटायचे!

विजेचा प्रवाह सुरू झाला की द्रावातली चांदी पितळेवर बसते. पण बसते ती अगदी लगतची. तिथली चांदी संपत येते आणि पलीकडे भरपूर असूनही ती फार सावकाश सरकते. म्हणून मला फिरावे लागे. मला फिरवणारे कारागीर पीरसाब. वीस वर्षांत त्यांनी कधी घाई केली नाही.

सन एकोणीसशे एकतीसच्या खंडेनवमीला करमाळ्याकडच्या एका गावचा देवीचा मुखवटा हौदात होता. दसऱ्याला तो पालखीत बसायचा होता. घाई म्हणून शेठनी एक बॅटरी जास्तीची जोडली. मग हत्यारांची पूजा झाली. मला धुऊन, हळदकुंकू वाहून पाटावर ठेवले.

"मालक, ढवळल्याबिगर चांदी नीट धरत न्हाय. दांडा घेऊ द्या की," पीरसाब म्हणाले.

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाय!"

बॅटऱ्याही पुजल्या होत्या. पण त्या हात न लावता चालतात, म्हणून त्यांना सुट्टी नव्हती! मी पाटावरून नुसता बघत राहिलो. असा संताप मला कधी आला नव्हता.

संध्याकाळी मुखवटा काळा निघाला. फडक्याने पुसताच काजळीसारखा थर सुटला. प्रवाह जादा आणि लगतची चांदी संपलेली, म्हणून तो असा जळला होता.

"हौदातली चांदी कुटं गेली?" शेठ ओरडले. "तूच काढलीस! उद्यापासून कामावर येऊ नको."

पीरसाबांचा चेहरा पडला. "चांदी हौदातच हाय, मालक. सकाळी दाखवतो, मग जातो."

दसऱ्याला उजाडताच ते आले. त्यांनी मुखवटा घासला, जास्तीची बॅटरी काढली आणि मला हाती घेतले. हौद तोच, द्रावही तोच. त्यात चिमूटभर काही टाकले नाही. मी गोल गोल फिरत राहिलो आणि मुखवटा पांढराशुभ्र निघाला.

"देवीनंच लाज राखली!" शेठ हात जोडून म्हणाले. चोरीचा आळ घेतल्याबद्दल एक शब्दही नाही!

पीरसाबांनी मला धुतले, पुसले, जागेवर ठेवले आणि ते निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, अजून दर खंडेनवमीला मला हळदकुंकू वाहतात. मला नको ते! हत्यार पुजायचे असेल तर खुशाल पुजा. पण ते ज्याच्या हातात शोभते, त्या माणसाचे आधी ऐका.