शोभेची बटणं

बटण करड्या रंगाचं, चार भोकांचं, आणि शिवणाऱ्यानं दोरा इतका आवळलेला की ते कापडाला चिकटून बसलेलं – असं घाईचं काम आपल्या शिंप्याच्या दुकानातून कधी बाहेर गेलं नसतं, असं मास्तरांच्या मनात आलं आणि मग आठवलं, दुकान आता दुसऱ्याचं आहे... वकीलबाईंच्या खोलीत कुणी अशील विसरून गेलेला हा कोट खुंटीवर होता. तोच त्यांच्या अंगावर चढवून बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "एवढं एक बटण लावून दाखवा. उजव्या हातानं."

बायको शेजारच्या खुर्चीत पदराचं टोक चाळवत बसली होती. तिच्याकडे बघायची त्यांची छाती होईना.

तिनंच तर सगळं उघडं पाडलं होतं. शर्ट कोण घालून देतं, असं बाईंनी विचारलं तेव्हा मास्तर तोऱ्यात म्हणाले होते, माझा मीच. आणि डाव्या हातानं पुढची पट्टी चटाचट उघडून, मिटून दाखवली होती. अपंगांच्या भत्त्यासाठी झालेल्या तपासणीत सरकारी डॉक्टरांनाही असंच दाखवलं होतं. त्यांनी शाबासकी दिली, आणि अर्ज नामंजूर झाला. बाई काही बोलणार, इतक्यात बायको खाली मान घालून म्हणाली, "वरची बटणं शोभेची आहेत हो. आत टिचबटणं आहेत. मीच शिवलीत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना. अंगावरून वारं गेल्यावर, उजवा हात लुळा पडल्यावर, त्यांनीच तिला शेजारी बसवून ते शिवायला लावलं होतं – टाका दिसता कामा नये, म्हणून दोनदा उसवायलाही लावलं होतं. जन्मभर दुसरं केलं काय? कुणाचा खांदा उतरलेला, कुणाची पाठ वाकलेली... आत थोडा कापूस, एखादी चुणी, आणि गिऱ्हाईक आरशासमोर ताठ. माणसाचं उणं झाकतो तोच खरा शिंपी, असं मी कारागिरांना सांगायचो. स्वतःचं झाकलं तर काय चुकलं माझं?

चुकलं हेच की ती आता चार घरचा स्वयंपाक करते. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेत, असं हसत म्हणते आणि जिना उतरताना कठड्याला धरून थांबते. भत्ता मिळाला तर निदान दोन घरं सुटतील तिची.

"तुम्ही इतकं बेमालूम झाकलंत की डॉक्टरांना दिसलंच नाही," बाई म्हणाल्या. "अपिलात नाटक नको, पण झाकायचंही नाही. जमलं तर जमलं म्हणून सांगू."

बोटं बटणापाशी गेली. अंगठा बधिर, तर्जनी वाकडी – एकदा निसटलं, दोनदा निसटलं. बायकोचा हात मदतीला पुढे आला आणि तिनं तो आवरला. मग कसं कोण जाणे, बटणाची कड काजात शिरली... अर्धं बटण आत. किती महिने याच क्षणासाठी ते उशीखाली हात दाबून धरत होते, तेल चोळून घेत होते. आणि आता तो क्षण आला तर मनात आलं – हे लागलं तर?

बटण निसटलं. हात मांडीवर पडला.

बाईंनी मान डोलावली. बायकोनं रोखलेला श्वास सोडला, आणि त्या सुटकेच्या श्वासानं ते पुरते ओशाळले.

"पुरे," बाई म्हणाल्या. "दिसलं मला."

काय दिसलं? त्यांना विचारावंसं वाटलं. बटण निसटलं की मी सोडलं, ते दिसलं का तुम्हाला? मला नाही दिसलं.

जिना उतरताना बायको कठड्याला धरून थांबली, तसे तेही थांबले. "फार त्रास झाला का हो?" तिनं विचारलं. नाही म्हणाले. घरी गेल्यावर, ती कामाला गेली की, खऱ्या बटणांचा जुना शर्ट काढून एकदा बटण लावून बघावं, असं त्यांच्या मनात आलं... बोटं आपसूक हललीही. होईल की काय, या धास्तीनं त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि खिशात कोंबला.