नागिसेची कोरी भिंत

जयवंताबाई इंदापुरात चित्रकला शिकवायच्या. बारा वर्षांपूर्वी भिगवणच्या स्टँडवर त्यांना एक जपानी शिक्षिका भेटली. किमुरा तिचं नाव. उजनीचे पक्षी बघायला आली होती आणि भलत्याच एसटीत चढत होती. बाईंनी तिला पाण्यापर्यंत नेऊन सोडलं, डब्यातली भाकरी खायला घातली. तिच्या नागिसे गावालाही असंच मोठं तळं होतं, असेच लांबून येणारे पक्षी. पुढं पत्रं सुरू झाली, मग मुलांची चित्रं इकडून तिकडं जायला लागली, आणि शेवटी इंदापूर आणि नागिसे ही मैत्रीची गावं झाली. त्यासाठी समिती बसली. सर्जेराव तिचे अध्यक्ष झाले.

यंदा किमुराबाईंनी लिहिलं, ‘दुखणं बळावलंय. हे माझं शेवटचं प्रदर्शन. एक भिंत तुमच्या मुलांसाठी राखली आहे. या.’

समितीची सहा माणसं जपानला निघाली. जयवंताबाईंनी पासपोर्ट काढला, मैत्रिणीसाठी गोधडी शिवली. निघायच्या आठवडाभर आधी कळलं, यादीत त्यांच्या जागी सर्जेरावांचे जावई आहेत. बाई भांडल्या नाहीत. चाळीस चित्रांची गुंडाळी आणि गोधडी त्यांनी सर्जेरावांच्या हाती दिली.

“आबा, मी नसले तरी चालेल. हे मात्र तिच्या हातात द्या.”

“द्येतो की. काळजीच करू नगा.”

मंडळी परतल्यावर बारामतीत सत्कार झाला. पडद्यावर फोटो दाखवले. उंच इमारती, बाजार, जेवणाची ताटं. नागिसे कुठंच दिसेना. बाईंनी सर्जेरावांना जिन्यात गाठलं.

“चित्रं दिली ना?”

“आवं बाई, विमानतळावर वजन जास्त भरलं. तुमचं सामान डायवरकडं परत दिलं. त्यानं कुठं ठिवलं, त्येला आठवंना. आन् नागिसेला जाणंच कुठं झालं? लई आडबाजूला हाय त्ये.”

“ती वाट बघत होती, आबा.”

“कागदंच ती. पोरं दुसरी काढतील.”

आठ दिवसांनी किमुराबाईंच्या लेकीचं पत्र आलं. ‘आई गेली. प्रदर्शनाचे पाचही दिवस ती त्या कोऱ्या भिंतीपुढं खुर्ची टाकून बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पाहुणे लांबून येतायत, उशीर होणारच. ती भिंत तिनं दुसऱ्या कुणाला देऊ दिली नाही. वाटेत काही अडचण आली का?’

बाईंनी उत्तर चारदा लिहिलं. तीनदा सामान हरवल्याची थाप मारली आणि कागद फाडले. चौथ्यांदा खरं लिहिलं, की तुमच्या गावाकडं कुणी निघालंच नव्हतं.

त्यावर उत्तर आलं नाही.

महिन्याभरानं समितीची बैठक झाली. नागिसेत आता पत्र लिहिणारं कुणी उरलं नाही, तेव्हा युरोपातलं एखादं गाव बघावं, असं ठरलं. मुलांची चित्रं गोळा करायचं काम सर्जेरावांनी पुन्हा बाईंवरच सोपवलं.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं,” म्हणून जयवंताबाई उठल्या. तेवढ्यात चहा आला. त्यांना कुणी थांबवलं नाही.