कोजीच्या खोलीतली सून

फुमिएने वरची रजई ओढून काढली आणि लाकडी पेटीतल्या भातात दोन्ही हात खुपसले. मधोमध चटकाच बसला.

"झाक ते," दारातून सासरे, कानेसाकू, म्हणाले. "बाहेर कमरेएवढं बर्फ पडलंय."

कानेसाकूंनी चाळीस हिवाळे या खोलीत काढले होते. वाफवलेल्या तांदळावर बुरशी पेरून कोजी करायची, तर ती त्यांच्याच हाताने. रोजच्या सारात घालायचं सोयाबीनचं खारं, आंबवलेलं वाटण, म्हणजे घराचा वर्षभराचा मिसो, तिच्यावरच अवलंबून. यंदा प्रथमच त्यांनी पेरणी सुनेवर सोपवली, पण राहवेना, म्हणून काल जास्तीची रजई घालून गेले होते.

"बाबा, पहिल्या दिवशी ऊब आपण द्यायची. आता बुरशी तांदूळ खातेय, आपली आपण तापतेय. खाल्लेलं अंगी लागायला हवा नको? डोक्यावरून पांघरूण घेऊन कुणी जेवतं का?"

"मला शिकवतेस?"

"हो," म्हणत ती ढेकळं फोडायला लागली.

तिने भात पसरला, त्यात चर पाडले आणि खिडकी वीतभर उघडली. कोजी गारठली तर सगळं मुसळ केरात, असं कानेसाकूंनी बजावलं. गुदमरली तरी तेच होईल, असं तिने सांगितलं. तिला धास्ती नव्हती असं नाही, पण हात बरोबर चाललेत याची खात्री होती.

तासाभराने सासऱ्यांनी भातात तळवा घातला. उघड्या खिडकीतही भात छान कोमट राहिला होता. दाण्यांवर पांढरी लव धरली होती, वास गोडसर येत होता. एक दाणा चावून ते निघून गेले. रागावले असतील तर रागावोत, असं फुमिएला वाटलं.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला, तोकुएला, शेजारून नत्तो आणायला पाठवलं. ती बघतच राहिली. त्या चिकट, आंबवलेल्या सोयाबीनचे जंतू अंगाला लागून आले, तर कोजी नासते. नत्तो खाल्लेल्याने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. म्हणून हिवाळाभर तो या घरात येतच नसे.

कानेसाकूंनी नत्तो तार सुटेपर्यंत घोटला, गरम भातावर घेतला आणि चवीने संपवला. फुमिए त्यांची वाटी उचलायला वाकली.

त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

"तू नको शिवूस. तुला आत जायचंय."