दोन टाचांची अट

सिग्नलला थांबताना सुनेचे पाय जमिनीला पोचले नाहीत आणि मोटारसायकल दोघींसकट आडवी झाली. तेव्हापासून सासूबाईंची एकच अट होती: "तुझ्या दोन्ही टाचा टेकल्या, तरच मी मागे बसेन." सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला आठवड्यातून तीनदा जायचं होतं. म्हणून दोघी सीटवाल्याकडे आल्या.

पहिलं माप. सून एकटी बसली. नुसते चवडे टेकले.

"फोम कापून सीट खाली करा," ती म्हणाली.

"मग अर्ध्या तासात खालचा पत्रा टोचेल. तुम्हाला सीटची उंची नाही, रुंदी नडतेय ताई."

त्याने सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी तासून निमुळता केला.

दुसरं माप. टाचा अजून बोटभर वरच. सून हिरमुसली.

"मागे बसणाऱ्यांना बसवा," सीटवाला म्हणाला.

"टाचा टेकल्याशिवाय? नाव काढू नका!" सासूबाई म्हणाल्या.

"गाडी मी धरलीय, काकू."

पुटपुटत त्या चढल्या. मागचे शॉक दबले, सीट खाली आली.

तिसरं माप.

"टेकल्या!" सून ओरडली. "आई, आता एक किलोसुद्धा कमी करू नका."

"म्हणजे माझं वजन एकदाचं कामी आलं म्हणायचं. आणि मी मागे नसले की गं?"

सासूबाई काही उतरल्या नाहीत.

"दादा," त्या सीटवाल्याला म्हणाल्या, "मागच्या बाजूला जरा जास्त फोम घाला. ही कुठेही निघाली तरी मला आता बसावंच लागणार."