गाळलेलं चौथं प्रकरण

ताईने पीएचडीला नाव घातलं तेव्हा लेक तिसरीत होती. आता तीच आईच्या संदर्भसूचीतले स्वल्पविराम तपासत होती. विषय असा होता: घरोघरी राहून आजारी माणसांची सेवा करणाऱ्या बायका, ते माणूस गेल्यावर काय करतात? घरचे रडतात, त्यांना भेटायला चार माणसं येतात. आणि जिने महिनोन्‌महिने अंग पुसलं, ती लगेच पिशवी भरून नव्या पेशंटच्या दारात उभी. तिच्या दुःखाचं काय?

विषय चोख होता, पण नुसत्या विषयाचा प्रबंध होत नाही. आधी कोणी काय लिहिलंय ते वाचा, आपला प्रश्न त्यात कुठे बसतो ते दाखवा, याच बायका का निवडल्या ते सांगा, प्रत्येकीची लेखी संमती घ्या. ताईने सगळं निगुतीने केलं होतं. चौथं प्रकरण तर फारच सुरेख उतरलं होतं. ते उभं होतं एका मावशींवर. एका आजोबांना त्यांनी जन्मदात्या बापासारखं सांभाळलं, आणि ते गेले त्या संध्याकाळी घरच्यांनी त्यांना मागच्या दाराने काढून दिलं.

प्रबंध सादर करायला महिना उरला आणि मावशींचा फोन आला.

"ताई, माझं तेवढं काढून टाका. नव्या घरातल्या सूनबाई त्या आजोबांच्याच नात्यातल्या निघाल्या. वाचलं तर माझी चूल विझेल."

ताईने फोन ठेवला. ती तडक मार्गदर्शक सरांकडे गेली.

"नाव बदललंयच. आता आजोबांची आजी करा," सर म्हणाले. "प्रबंध वाचतंय कोण? तुम्ही, मी आणि वाळवी."

"मावशी स्वतःला ओळखतील ना, सर. कधीही माघार घेता येईल, असं मीच त्यांना लिहून दिलंय."

सरांनी चष्मा काढला. "मग मुदतवाढ मागा. पण ही शेवटची. पुढे नोंदणी रद्द."

घरी येऊन ताईने ते प्रकरण पुसलं आणि मोरीत नळ सोडून पोटभर रडली. बाहेर आली तर नवऱ्याने कमरेला पंचा खोचलेला. "स्वयंपाक माझ्याकडे. मिठाचं काही झालं तर प्रबंधात नोंद नको!"

मुदतवाढ मिळाली, पण आठवडाभर काही सुचेना. मग वाटलं, एकीने तोंड मिटलं, तर बाकीच्यांनीही काहीतरी राखून ठेवलं असणारच. ती पुन्हा त्या बायकांकडे गेली. "मला काय सांगितलं नाहीत, ते सांगू नका. का सांगितलं नाहीत, तेवढं सांगा."

एक जण खळखळून हसली. "अहो, आमचं रडूसुद्धा त्या घरचंच सामान. बाहेर कसं न्यायचं?"

ताईला धागा सापडला. त्या गप्प राहण्यावरच नवं चौथं प्रकरण उभं राहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंचा दरारा असा, की सरांनीच दोनदा पाणी मागवलं. मागच्या रांगेत नवरा आणि लेकीशेजारी ताईने बोलावलेल्या सात-आठ सेविका अंग चोरून बसल्या होत्या.

"तुमच्या मूळ आराखड्यातलं चौथं प्रकरण इथे नाही," बाई म्हणाल्या. "कुठे गेलं?"

सरांनी मान खाली घातली. ताईने सरळ बाईंकडे पाहिलं.

"मी काढलं. ज्यांचं होतं, त्यांनी परत मागितलं."

"त्याने पुरावा दुबळा झाला, असं नाही वाटत?"

"प्रबंध दुबळा झाला असता तरी मी तो तसाच दिला असता, मॅडम. पण त्या प्रकरणात मी एकीचं दुःख सांगत होते. ते गेलं, तेव्हा कुठे मला सगळ्यांचं मौन ऐकू आलं."

बाईंनी पानं मिटली. मग उभं राहून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सदर प्रबंध कोणत्याही दुरुस्तीविना स्वीकारून उमेदवारास विद्यावाचस्पती ही पदवी प्रदान करण्यात यावी, अशी शिफारस परीक्षक मंडळ एकमताने करीत आहे."

सेविका एकमेकींची तोंडं बघू लागल्या. मागून एक सेविका न राहवून उठली. "म्हणजे पास की नापास, ते सांगा ना बाई!"

परीक्षक बाईंना हसू आवरेना. "पास! आणि असा पास, की मी माझ्या विद्यार्थ्यांना हा वाचायला लावणार आहे."

मग काय विचारता! नवऱ्याने शिट्टीच मारली, लेक बाकावर चढली, आणि अंग चोरून बसलेल्या त्या बायका थेट सभागृहाच्या पुढच्या दाराशी येऊन टाळ्या पिटत राहिल्या.