यानाची चौथी बाजू

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात तो एकतीस वर्षं होता आणि तिथे त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. अगदी तोंडावरसुद्धा. जमिनीखालच्या नळाची जागा कागदावर केसभर चुकली तरी या माणसाला घास गिळत नाही, अशी त्याची ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याला पितळी फूटपट्टी भेट दिली. त्याने ती तिथल्या तिथे टेबलावरच्या पट्टीला लावून पाहिली आणि म्हणाला, "अर्ध्या मिलिमीटरने कमी आहे." सगळे खो खो हसले. तो हसला नाही, कारण पट्टी खरंच तेवढी कमी होती.

त्याच वर्षी मुलीला बाळ झालं. बायको तिच्याकडे, दुसऱ्या शहरात, तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. तिनाचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं, मग कुणी मोजेनासं झालं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. दर रविवारी अकरा वाजता फोन यायचा.

"जेवण होतंय ना नीट?"

"होतंय."

"गुडघा?"

"बरा आहे. बाळ?"

"दात येतोय." पुढच्या वेळी दात आलेला असायचा. मग बाळ चाललं, मग बोलायला लागलं. मग फोनवर "आजोबा बघ, आजोबा" असा मागून आवाज यायचा आणि बाळ कुठेतरी पळून जायचं.

एवढ्या रिकाम्या घरात मिलिमीटर काय करत होता, तर यान बांधत होता.

तो आठ वर्षांचा असताना टीव्हीवर 'सातवी कक्षा' नावाची मालिका लागायची. कृष्णधवल. एक अंतराळयान, त्यात पाच माणसं, आणि त्यांना घरी परतायचा रस्ता सापडत नाही. मालिकेचे एकोणचाळीस भाग झाले होते, त्यांतले अकराच उरलेत. बाकीच्यांच्या फिती पुसून त्यांवर दुसरं काहीबाही चित्रित केलं गेलं. त्या अकरा भागांवरून मिलिमीटर यानाची नियंत्रण खोली संगणकावर जशीच्या तशी उभी करत होता. प्रत्येक खटका, प्रत्येक तबकडी, दरवाजाच्या चौकटीतला प्रत्येक स्क्रू. माऊस फिरवला की त्या खोलीत हिंडता यायचं, खुर्चीमागे जाऊन वाकून बघता यायचं.

सुरुवातीला घोडं माप घेण्यावर अडलं. पडद्यावर दिसणारी खोली किती फुटांची, हे कळणार कसं? चार महिने तो एकच चित्र थांबवून त्याकडे बघत होता. मग एका सकाळी आम्लेट करायला म्हणून त्याने अंडी काढली आणि हात तसाच थांबला. यानाच्या मागच्या भिंतीवर जे गूढ, खळग्याखळग्यांचे चकाकते पत्रे होते, ते दुसरंतिसरं काही नव्हतं. तीस अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे होते, वरून चंदेरी रंग मारलेले! त्याने ट्रे मोजला, भिंतीवरचे ट्रे मोजले, आणि अख्ख्या यानाचं माप हाती आलं. त्या दिवशी त्याला कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. रविवार यायला चार दिवस होते. रविवारी त्याने बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "अंडी रोज खाऊ नका हं."

या मालिकेच्या वेड्यांचा एक गट इंटरनेटवर होता. जगभरातली साठेक माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. तिथे त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. पण दोन गोष्टी त्यालाही ठाऊक नव्हत्या. एक म्हणजे रंग. त्याने सगळं यान करड्या रंगाचं केलं होतं, पोलादी, गंभीर. दुसरी म्हणजे चौथी बाजू. तीन भिंती पडद्यावर दिसत, पण कप्तान ज्या दिशेला तोंड करून तासन्‌तास अंतराळात बघत बसायचा, ती बाजू एकाही भागात दिसली नव्हती. मिलिमीटरने तिथे एक मोठी काच कल्पून ठेवली होती आणि पलीकडे काळोख. ही कल्पना आहे, माप नाही, ही टोचणी मात्र जात नव्हती.

गटातल्या एका ग्रंथपाल बाईंनी शोधून काढलं, की त्या स्टुडिओत नेपथ्याचं रंगकाम करणारी एक बाई अजून हयात आहे. शहाऐंशी वर्षांची. आणि राहते मिलिमीटरच्याच शहरात, बसने चाळीस मिनिटांवर.

गुरुवारी दुपारी तो गेला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. भाचीने दार उघडलं आणि आतल्या खोलीत नेलं. रंगवाली खिडकीशी बसली होती, अंगाने काटकुळी, नखांच्या कडेला अजून कसलातरी निळा रंग. तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"नाश्त्याच्या वेळी यायचं ना, जरा हुशारी असते तेव्हा," ती म्हणाली. "दाखव काय आणलंयस ते."

त्याने लॅपटॉप उघडून तिच्या मांडीवर ठेवला आणि नियंत्रण खोली गोल फिरवून दाखवली. वाटलं, म्हातारीच्या डोळ्यांत आता पाणी येणार. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कुणी गेलंय का रे या घरात?"

"म्हणजे?"

"एवढं सुतकी कशाने केलंस? अरे, गुलाबी होतं ते."

"काय गुलाबी?"

"अख्खं यान! भिंती गुलाबी, खुर्च्या पिवळ्याजर्द, तो मधला ओटा पिस्त्यासारखा हिरवा. पांढरा रंग कॅमेऱ्यात फुटून नुसता भगभगायचा, लाल टाकला तर काळा ठिक्कर दिसायचा. काय मारलं म्हणजे काय दिसतं, याचा तक्ताच होता माझ्याकडे. टीव्हीवर लोखंड दिसावं म्हणून आम्ही बाळाच्या झबल्यासारखा रंग मारायचो." ती खुदखुदली. "कप्तानाचं काम करणारा रोज म्हणायचा, मावशी, या केकात बसून मी गंभीर तोंड कसं करू?"

मिलिमीटरने पडद्यावरच्या करड्या भिंतींकडे पाहिलं. सव्वादोन वर्षांचं काम. तरी त्याने वही काढली आणि गुलाबी म्हणजे नेमका कसा, फिका की उतरलेला, असं विचारायला सुरुवात केली. तिने भाचीच्या ओढणीवर बोट ठेवलं, उशीच्या अभ्र्यावर ठेवलं, शेवटी स्वतःच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "हा. या इथला."

उठता उठता त्याने दुसरा प्रश्न विचारला. "आणि समोरची भिंत, मावशी? कप्तान बघायचा ती बाजू?"

"भिंत कसली? तिकडे आम्ही होतो."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे आम्ही. कॅमेरेवाले तीन, दिवेवाले वर माळ्यावर, मी माझी शिडी आणि डबे घेऊन, सुतार, कपडेवाली. तिचं विणकाम चालायचं, सुया वाजल्या की साउंडवाला खेकसायचा. कडेला लांब बाक होतं, त्यावर चहाची किटली. पंचवीस-तीस माणसं असायची रे. तो बिचारा अंतराळात एकटा बघतोय असं तुम्हाला दिसायचं, आणि त्याच्यासमोर आम्ही दाटीवाटीने उभे."

परतीच्या बसमध्ये मिलिमीटर वही न उघडता बसला. आठ वर्षांचा असताना तो त्या कप्तानाचा चेहरा टीव्हीपुढून न हलता बघायचा. एवढी एकटी नजर त्याने पुन्हा कधी पाहिली नव्हती. आणि ती नजर किटलीवर होती, विणणाऱ्या बाईवर होती.

शुक्रवारी आणि शनिवारी त्याने यान गुलाबी केलं. तीन वेळा केलं, तळहातासारखं होईपर्यंत. गटात चित्र टाकल्यावर कल्लोळ झाला. एकाने लिहिलं, हे खरं असेल, पण आम्हाला नको.

रविवारी अकराला फोन आला.

"जेवण होतंय ना नीट?"

"यान गुलाबी होतं," तो म्हणाला.

"अं?"

त्याने सगळं सांगितलं. झबलं, केक, तळहात. ती मनापासून हसली. त्याला आठवलं, हसताना तिला आधी ठसका लागतो. मग त्याने बाक आणि किटली सांगितली, पंचवीस-तीस माणसं सांगितली. मागून बाळाच्या खेळण्याची घंटी वाजत होती.

"तू परत येणार आहेस का?" त्याने विचारलं.

विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे आपण कधी विचारलंच नव्हतं. कुठल्या नळाला कुठे गळती आहे ते विचारलं होतं, विजेचं बिल कुठल्या कप्प्यात आहे ते विचारलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही सहा महिन्यांतच विचाराल. मी उत्तर तयार ठेवलं होतं."

"काय होतं?"

"तेव्हा 'हो' होतं."

तो फोन घट्ट धरून उभा राहिला. "आणि आता?"

"आता नाही वाटत. रागाने नाही सांगत, खरंच. इथे सकाळी बाळाला शाळेत सोडलं की बागेत चार जणी भेटतात. एक दिवस नाही गेले तर विचारतात, काल कुठे होतीस. तिथे तुमच्या शेजारी बसून मी वर्षानुवर्षं… जाऊ दे. तुम्ही वाईट नव्हता हो. तुम्ही फक्त नकाशात असायचात."

"मी येऊ तिकडे?"

"भेटायला या ना. अगदी या." मग ती म्हणाली, "आणि माझं शिवणयंत्र पाठवता का? इथे बाळाचे कपडे उसवतात सारखे."

त्याने यंत्र पुसलं, तेल घातलं, लाकडी पेटी बनवून चारी बाजूंनी जुनी पांघरुणं ठासली आणि पाठवून दिलं. खिडकीजवळच्या फरशीवर चार पायांचे चार गोल डाग राहिले. ते त्याने दोनदा पुसून पाहिले. गेले नाहीत.

मग तो दर गुरुवारी रंगवालीकडे जाऊ लागला. ती सांगायची, तो चौथी बाजू बांधायचा. बाक, किटली, शिडी, डबे, माळ्यावरचे दिवे. काच आणि काळोख त्याने पुसून टाकले. "शिडी डावीकडे रे," ती म्हणायची, "उजवीकडे मी अडखळले असते." एका गुरुवारी सगळं पुरं झालं. तिने चष्मा वर करून, खाली करून पाहिलं आणि मान डोलावली.

"हुबेहूब आहे. माणसं कधी घालणार?"

"माणसं मला जमत नाहीत, मावशी," तो म्हणाला. "मी नुसत्या वस्तू करतो."

तिने त्याचा हात थोपटला आणि भाचीला चहा टाकायला सांगितलं.

उन्हाळा सरता सरता तो मुलीकडे चार दिवस जाऊन आला. नातीने पहिले दोन दिवस त्याच्याकडे लांबूनच पाहिलं, तिसऱ्या दिवशी एक मोडका घोडा दुरुस्तीला आणून दिला. चौथ्या सकाळी बायको त्याला बागेत घेऊन गेली. त्या चार जणी बाकावर सरकून बसल्या, त्याला जागा करून दिली.

"किती दिवसांसाठी आलात?" एकीने विचारलं.

"चार," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी बायकोही म्हणाली, "चार." दोघं एकमेकांकडे बघून हसले. तिला आधी ठसका लागला.

दुपारी ती बसपर्यंत सोडायला आली. बस सुटायला दहा मिनिटं होती, पण बाळाची शाळा सुटायची वेळ झाली होती. "पोचलात की कळवा," असं म्हणून ती निघाली. तिला रस्ता ओलांडताना त्याने बसच्या खिडकीतून पाहिलं. ती भरभर चालत होती, पूर्वी कधी चालली नव्हती तशी, आणि कोपऱ्यावर कुणीतरी तिला हाक मारली.