बाराव्या रोज्याची ईद

आमच्या कारखान्याच्या छापील माहितीपुस्तिकेत १९६७ सालासमोर एकच ओळ आहे: 'गोळे सावकाश थंड करण्याची पद्धत विकसित केली.' वडिलांनी दुसरी ओळ कधी लिहू दिली नाही. त्यांना जाऊन अकरा आठवडे झाले. आता अडवणारं कोणी नाही.

शिशाच्या खाणीत दगड दळायला मोठी फिरती पिंपं असतात. त्यांत लोखंडी गोळे टाकतात. दगडाचं पीठ होतं, गोळेही झिजतात, म्हणून खाणीला ते सतत लागतात. तेव्हा ते फ्रान्सहून यायचे. माझे वडील हद्दू यांची मिदेल्त या खाणींच्या शहराजवळ, डोंगरातल्या आमच्या गावात नांगराचे फाळ ओतायची भट्टी होती. गोळे आपणच का ओतू नयेत, असं त्यांच्या मनाने घेतलं. ओतले. खाणीत पहिल्याच पाळीत फुटले. तिथल्या भांडारप्रमुखाने तुकडे पोत्यात भरून परत धाडले, सोबत चिठ्ठी: आमच्याकडचे अक्रोड याहून टणक असतात.

रमजानच्या आधी आमच्याकडे चुना फासतात. भिंती, पायऱ्या, झाडांचे बुंधे, जे हलत नाही ते सगळं. संध्याकाळी रोजा सुटल्याचा बार उडवायची तोफही दरवर्षी पांढरी व्हायची. तिच्या आखूड नळीवर चुन्याचे इतके थर चढले होते की आत लोखंड आहे हे गाव विसरलंच होतं. त्या वर्षी तिचा गाडा दुरुस्तीला गेला आणि नळी काईदच्या, म्हणजे सरकारी अंमलदाराच्या आवारात भंगाराशेजारी वाळत पडली. वडिलांनी ते भंगार विकत घेतलं आणि गटाराचा पाइप समजून नळीही गाडीत घातली. उचलायला हात लावला तो खुद्द तोफ उडवणाऱ्या बा अल्लालने. म्हातारा फौजी, नजर अधू. हात झटकत म्हणाला, असे पाइप आता मिळत नाहीत.

रमजानच्या आदल्या दिवशी शोधाशोध सुरू झाली तेव्हा तोफ भट्टीत होती. पातळ.

काईद एवढंच बोलला की उद्या मग्रिबला, सूर्यास्ताच्या नमाजाच्या वेळी, गावाला बार ऐकू आला नाही तर भट्टीला कुलूप. वडिलांच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि भट्टीशिवाय त्यांच्याकडे काही नव्हतं.

त्यांनी जुनं बॉयलर पालथं घातलं, भंगार फोडायची उंच तिवई त्यावर उभी केली आणि सूर्य बुडताच टोकावरून एक जड ओतीव गोळा सोडला. आवाज डोंगरावर आपटून परत आला. खजूर तोंडाशी धरलेलं गाव दचकलं, पण रोजा सुटला. गोळ्याचे मात्र दोन तुकडे. दुसऱ्या दिवशी नवा ओतला, तोही गेला. संध्याकाळी हवाच असल्यामुळे सकाळी ओतलेला गोळा दुपारी तापलेलाच साच्यातून काढून बर्फात पुरत. डिसेंबरात बर्फाला तोटा नव्हता. दोर सोडायचं काम बा अल्लालने प्रायश्चित्त म्हणून घेतलं होतं. प्रत्येक बाराआधी तो बॉयलरला सलाम ठोकायचा.

अकराव्या दिवशी हाताशी असावा म्हणून दोन गोळे ओतले. एक सवयीप्रमाणे फुटला. हरिरा सुपाच्या वासाने सगळे घरी पळाले आणि दुसरा वाळूच्या साच्यातच राहिला. बाराव्या दिवशी कोळसा संपलेला, म्हणून तोच उकरून काढला. अजून कोमट होता.

बार झाला. गोळा उसळून बर्फात पडला. अख्खा.

वडील त्याच्याभोवती दोनदा फिरले. "बा अल्लाल, परत चढव."

"एकदाच असतो, पोरा. रोजा सुटला."

"चढव म्हणतो ना."

परत चढवला. मग परत. आई सांगते, ते वेड्यासारखे हसत होते, दोर खेचत होते आणि सूप थंड होत होतं. सात बार झाले. आमच्या गावात सात बार म्हणजे ईद.

बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या घातल्या. पोरं नवे जोडे घालून बर्फात उतरली. वर्षभर न बोलणारे दोन साडू गळ्यात पडले आणि लाजून सुटायचं विसरले. इमाम चंद्र बघायला छपरावर चढला. चंद्र दिसला, पण चांगलाच गोल.

काईद आला तो दोन पायांत दोन तऱ्हेच्या सपाता आणि हातात कुलूप घेऊन.

"हद्दू, आज कितवा रोजा?"

"बारावा, काईदसाहेब. पण हा फुटला नाही."

"कोण फुटला नाही?"

"गोळा."

काईदने दाराची कडी धरली. मागे गाव जमलं होतं. तेव्हा माझी आई, इत्तो, ओट्यावरून म्हणाली, "लावा की कुलूप. फक्त उद्या मग्रिबला छपरावर चढून ढम्म कोण म्हणणार, तेवढं ठरवून जा. गावात आवाज तुमचाच मोठा आहे."

आधी बा अल्लाल हसला, मग इमाम, मग सगळेच. काईद मिशीतल्या मिशीत लढला आणि हरला.

"एकच," तो म्हणाला. "हद्दू, उद्यापासून एकच बार. दुसरा झाला तर तुला त्या बॉयलरखाली झाकीन."

कुलूप खिशात गेलं.

उरलेला रमजान त्याच गोळ्याने निभावला. ईदनंतर वडिलांनी छोटे गोळे ओतले, वाळूतच निवू दिले आणि खाणीवर पोचवले. महिनाभर पिंप फिरलं, एकही फुटला नाही. भांडारप्रमुखाने बोलावलं तेव्हा ते मोठा गोळाही खेचरावर घालून घेऊन गेले आणि त्याच्या टेबलावर ठेवला. टेबल कण्हलं.

ऑर्डर लिहिता लिहिता त्याने विचारलं, हा किती वेळा आपटून पाहिला.

"मोजलं नाही, साहेब," वडील म्हणाले. "तो पडला की गाव जेवायचं. मग आम्हीही जेवायचो."